तीन वर्षे भटारखान्यात: झोऊ चुनलान यांचे प्रकरण आणि पडद्यावरची एक शिष्या

२०२२ साली चीनमध्ये एक दूरचित्रवाणी मालिका प्रसारित झाली. तिच्या चिनी नावाचा शब्दशः अर्थ ‘जिभेच्या टोकावरची धडधड’ असा होतो आणि परदेशी प्रेक्षकांपर्यंत ती ‘क्युपिड्स किचन’ या नावाने पोहोचली. २०१२ मध्ये चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने आपल्या खाद्यसंस्कृतीवर काढलेला माहितीपट कमालीचा गाजला होता. त्याच्या शीर्षकातील ‘जिभेच्या टोकावरचा’ हे शब्द त्यानंतर खाण्याशी संबंधित जवळजवळ प्रत्येक गोष्टीला चिकटवले जाऊ लागले, आणि या मालिकेचे नावही त्याच ओघातले आहे. सोंग झू’अर या अभिनेत्रीने साकारलेली लिन केसोंग ही खेळ सोडलेली क्रीडापटू आहे, तर तैवानचा अभिनेता इथन ज्वान याने साकारलेला जियांग छ्येनफान हा नावाजलेला आचारी आहे. तिच्या जिभेला चवीची विलक्षण जाण आहे. ती त्याच्या हाताखाली शिकू लागते आणि पुढे जे व्हायचे ते होते. खेळाचे मैदान सुटले तरी स्वयंपाकघराच्या रूपाने दुसरे मैदान मिळते, आणि तिथेही गुरू, सराव, स्पर्धा आणि विजय यांची साखळी जशीच्या तशी पुढे चालू राहते, या कल्पनेवर मालिकेचा सारा डोलारा उभा आहे.

कल्पना गोड आहे आणि ती अशक्य आहे असेही नाही. मात्र चीनमधल्याच एका क्रीडापटूचे प्रकरण असे आहे की ते माहीत असलेल्या माणसाला ही मालिका सरळ मनाने पाहता येत नाही. झोऊ चुनलान या ईशान्य चीनमधल्या जिलिन प्रांताच्या महिला भारोत्तोलक १९८८ मध्ये ४८ किलो वजनी गटात राष्ट्रीय विजेत्या ठरल्या, १९९३ मध्ये निवृत्त झाल्या आणि निवृत्तीनंतर खरोखरच स्वयंपाकघरात गेल्या. प्रांतिक संघाच्या भोजनालयाच्या भटारखान्यात त्यांनी सुमारे तीन वर्षे काम केले. तरीही त्या आचारी झाल्या नाहीत. २००६ मध्ये चिनी वृत्तपत्रांनी त्यांना शोधून काढले तेव्हा त्या चांगचुन शहरातल्या एका सार्वजनिक स्नानगृहात गिऱ्हाइकांच्या पाठी घासत होत्या आणि त्यांची महिन्याची कमाई पाचशे युआनच्याही आत होती.

या प्रकरणाची चर्चा आजवर बहुधा ‘विजेतीवर ही वेळ आली’ या अंगाने झाली आहे, आणि ते स्वाभाविक आहे. प्रस्तुत टिपणात मात्र त्यातला एकच तुकडा जवळून पाहायचा आहे, तो म्हणजे भटारखान्यातली ती तीन वर्षे. स्नानगृहातल्या कामाची दृश्ये छायाचित्रांसह छापून आली, पण स्वयंपाकघरातल्या कामाचा उल्लेख बातम्यांमध्ये एका वाक्यात उरकला गेला. माझ्या मते प्रकरणाची खरी कळ त्या एका वाक्यात आहे.

व्यवस्था कशी होती

चीनमध्ये खेळाडू घडवण्याच्या पद्धतीला ‘संपूर्ण राष्ट्राची व्यवस्था’ असे म्हटले जाते. लहान वयातच मुलांची शरीरयष्टी, लवचिकता आणि ताकद पाहून त्यांना क्रीडाशाळेत घेतले जाते. त्यातली निवडक मुले शहराच्या किंवा प्रांताच्या संघात जातात आणि तिथून अगदी थोडी राष्ट्रीय संघात पोहोचतात. प्रांतिक संघात दाखल झालेल्या खेळाडूचे राहणे, जेवणखाण, कपडे, औषधपाणी आणि पगार हे सारे सरकार पाहते. त्या बदल्यात खेळाडूचा दिवस संघाचा असतो. कागदोपत्री शिक्षण चालू असते, पण सरावाने पिळून निघालेल्या मुलांच्या डोक्यात संध्याकाळच्या वर्गातले किती उतरत असेल याचा अंदाज कुणालाही करता येईल. आपले लेखन-वाचन प्राथमिक तिसरीच्याही पुढचे नाही आणि चिनी शब्दांचे उच्चार लिहिण्याची रोमन लिपीतली पद्धतही आपल्याला येत नाही, असे झोऊ यांनी पुढे वार्ताहरांना सांगितले होते. ही पद्धत चिनी मुले पहिलीत शिकतात.

जुन्या नियोजित अर्थव्यवस्थेत या अशिक्षितपणाची झळ फारशी लागत नसे, कारण निवृत्त खेळाडूला नोकरी नेमून देणे हे सरकारचे काम होते. कुणी क्रीडाशाळेत प्रशिक्षक होई, कुणी कारखान्याच्या क्रीडा विभागात जाई, कुणी पहारेकरी होई. नोकरी मिळे आणि नोकरीबरोबर घर, दवाखाना व निवृत्तिवेतनही मिळे. झोऊ निवृत्त झाल्या त्या सुमारास ही घडी मोडायला लागली होती. ईशान्य चीन हा सरकारी अवजड उद्योगांचा बालेकिल्ला होता. खुद्द चांगचुन हे १९५३ मध्ये पायाभरणी झालेल्या चीनच्या पहिल्या मोटार कारखान्याचे शहर आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सरकारी कारखान्यांनी कामगार कमी करायला सुरुवात केली तेव्हा त्याचा सर्वांत मोठा तडाखा याच भागाला बसला. ज्या कारखान्यांमध्ये एके काळी निवृत्त खेळाडूंची सोय लागे तेच कारखाने आपल्या माणसांना घरी पाठवत होते.

झोऊ यांच्या बाबतीत यात आणखी एक गोम होती, आणि ती त्यांच्या खेळाच्या वयाशी निगडित आहे. महिलांच्या भारोत्तोलनाची पहिली जागतिक स्पर्धा १९८७ मध्ये झाली, बीजिंगच्या १९९० च्या आशियाई खेळांत हा प्रकार आला आणि ऑलिंपिकमध्ये तो थेट २००० साली सिडनीला समाविष्ट झाला. सिडनीत प्रत्येक देशाला महिला गटात चारच भारोत्तोलक उतरवण्याची मुभा होती. चीनने चार पाठवल्या आणि चौघींनी सुवर्णपदके आणली. त्यानंतर या खेळातल्या चिनी मुलींना जे वलय लाभले ते झोऊ यांच्या पिढीच्या वाट्याला येणे शक्यच नव्हते, कारण त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांचा खेळ ऑलिंपिकचा खेळ नव्हता. ज्या व्यवस्थेत सगळा हिशोब अखेरीस ऑलिंपिक पदकाशी येऊन थांबतो, तिथे पायाभरणी करणाऱ्या पिढीच्या श्रमांना खात्यावर जागाच नसते.

संघात असताना प्रशिक्षकाने दिलेल्या गोळ्यांचे, म्हणजे पुरुषी संप्रेरकांचे, आपल्या शरीरावर कायमचे परिणाम झाले आणि त्यामुळे आपल्याला मूल होऊ शकले नाही, असेही झोऊ यांनी सांगितले होते. त्या आरोपाचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा, म्हणून इथे तो नोंदवून पुढे जातो.

भटारखाना

चीनमधल्या संस्थांच्या भोजनालयाला ‘शितांग’ म्हणतात. शाळा, कारखाना, सैन्याची छावणी, क्रीडासंघ अशा प्रत्येक ठिकाणी शितांग असते आणि तिथला स्वयंपाक उपाहारगृहातल्या स्वयंपाकाहून जातीने वेगळा असतो. उपाहारगृहातला आचारी एका गिऱ्हाइकासाठी एक कढई दोन-तीन मिनिटांत उतरवतो. शितांगमध्ये माणूस आत बसेल एवढ्या लोखंडी कढयांमध्ये कोबी, बटाटे, डुकराचे मांस, टोफू एकदम शिजते आणि ते हलवायला झारा पुरत नाही म्हणून फावड्यासारखे लांब दांड्याचे अवजार वापरतात. ईशान्येत भाताइतकेच महत्त्व ‘मानथोउ’ या गव्हाच्या वाफवलेल्या पावांना असते, आणि ते एकावर एक रचलेल्या थाळ्यांच्या मनोऱ्यात वाफवले जातात. अशा स्वयंपाकघरात ताकदीच्या माणसाला काम भरपूर असते. पिठाची पोती उचलणे, भाज्यांच्या टोपल्या धुणे, वाफाळत्या थाळ्या उतरवणे, भांडी घासणे ही कामे कधीच संपत नाहीत. ४८ किलो वजनाची, पण स्वतःहून कितीतरी जड लोखंड डोक्यावर नेलेली बाई तिथे कुणालाही हवीशी वाटेल.

मात्र हवीशी वाटण्याचे कारणही तिची ताकद हेच, आणि अडचण नेमकी इथेच सुरू होते. भटारखान्यात ताकदीची कामे आणि हुनराची कामे वेगळी असतात आणि माणूस एकदा पहिल्या बाजूला लागला की आपोआप दुसऱ्या बाजूला सरकत नाही. चिनी उपाहारगृहातील उतरंड पाहिली तर हे लगेच ध्यानात येते. सर्वांत खाली धुणे-सोलणे आणि मासे-कोंबड्या साफ करणे असते. त्यावर कापणीच्या ठोकळ्यावरचा माणूस येतो. ठोकळा आणि चूल यांच्या मधोमध उभा राहून कापलेला माल वेळेवर कढईवाल्याच्या हाताशी देणारा आणि उतरलेला पदार्थ ताटात नीट मांडणारा एक मदतनीस असतो, ज्याला कँटनी पद्धतीच्या स्वयंपाकघरांत ‘दाहे’ म्हणतात. वाफेच्या भट्टीवर वेगळा माणूस असतो आणि सर्वांत वर कढईवाले असतात, त्यांच्यातही पहिला, दुसरा, तिसरा असा क्रम असतो. नवखा पोऱ्या या शिडीवर चढतो तो केवळ अंगमेहनतीमुळे नव्हे. वरच्या पायरीवरच्या कुणीतरी त्याला जवळ घेऊन शिकवावे लागते. शिकवणाऱ्याला ‘शिफू’ म्हणतात. मराठीत आपण तालमीतल्या आणि तबल्यातल्या गुरूला सारख्याच सहजतेने वस्ताद म्हणतो. चिनी भाषेत मात्र खेळाच्या प्रशिक्षकाला वेगळा शब्द आहे, आणि शिफू हा शब्द सुतार, गवंडी, वाहनचालक, आचारी अशा हातांनी काम करणाऱ्या जाणत्यांसाठी वापरतात. झोऊ यांच्या आयुष्यात प्रशिक्षक आले होते. शिफू आल्याची नोंद त्यांच्या हकिगतीत कुठे दिसत नाही.

चीनमध्ये कारागिरीच्या उमेदवारीची जुनी मुदत तीन वर्षांची आहे. तीन वर्षे शिष्य म्हणून राहायचे, पुढची दोन गुरूच्या सेवेत घालवायची आणि मग स्वतंत्र व्हायचे, असा पूर्वापार रिवाज. झोऊ भटारखान्यात राहिल्या त्याही तीनच वर्षे. एक पूर्ण उमेदवारी बसेल एवढा हा काळ आहे. त्या काळाच्या शेवटी त्यांच्यापाशी धंद्याच्या नावाने काही उरले नाही, याचा अर्थ त्यांची नेमणूक उमेदवार म्हणून झालीच नव्हती. निवृत्त झालेल्या, पण अजून संघाच्या पटावर असलेल्या माणसाला कुठे तरी ठेवायचे होते, म्हणून ठेवले गेले. स्वयंपाकघर ही त्यांच्यासाठी प्रतीक्षागृहाची जागा होती.

खेळाडूला स्वयंपाक शिकणे कितपत सोपे जाते, हा प्रश्न मालिकेच्या निमित्ताने पुष्कळांना पडला असेल, म्हणून त्याचाही थोडा विचार करू. शिस्त, पहाटे उठणे, उभ्याने तासन्‌तास काम करणे, ओरडा खाऊनही पुन्हा तेच करणे, एकच हालचाल हजार वेळा घोटणे हे गुण दोन्हीकडे सारखे आहेत आणि त्यांचा फायदा निश्चितच होतो. पण शरीराचे संस्कार मात्र वेगळे असतात. भारोत्तोलक दांडा धरताना अंगठा आत घेऊन त्यावर बाकीची बोटे आवळतो आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने बोटांच्या मुळाशी व अंगठ्यावर घट्टे पडतात. चिनी आचारी रुंद पात्याची सुरी धरतो ती अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पाते पकडून, त्यामुळे त्याचा घट्टा तर्जनीच्या मुळाशी आतल्या बाजूला येतो. एकीकडे सारी शक्ती एका क्षणात ओतायची असते, तर दुसरीकडे ती तासन्‌तास राखून वापरायची असते. यांगचौच्या परंपरेत मऊ टोफूचे केसासारखे बारीक तंतू कापून ते रश्शात मोकळे सोडण्याचा एक प्रसिद्ध पदार्थ आहे. तिथे जोर लावला की सारा लगदा होतो. कढई झटकून पदार्थ हवेत पलटणे हेही बघणाऱ्याला ताकदीचे वाटते, पण उत्तरेकडची लांब दांड्याची कढई असो वा दक्षिणेकडची दोन कानांची, ती चुलीच्या कडेला टेकवून मागे ओढण्याची लकब साधली नाही तर पहिल्याच आठवड्यात मनगट धरते. भारोत्तोलकाचे मनगट आणि कंबर तर आधीच झिजलेली असतात.

जिभेचा मुद्दा याहून निराळा आहे. मालिकेत नायिकेची जीभ ही उपजत देणगी आहे आणि तिचा शोध लागणे हा कथेतला कलाटणीचा क्षण आहे. वास्तवात वजनी गटात खेळणाऱ्याचे अन्नाशी असलेले नाते चवीचे नसतेच. अन्न म्हणजे त्याच्यासाठी आकडा असतो. स्पर्धेच्या आधी गटाच्या मर्यादेत यायचे म्हणून पाणीसुद्धा मोजून प्यायचे आणि वजनकाट्यावरून उतरल्यावर जे समोर येईल ते पोटात ढकलायचे, अशी वर्षे काढलेल्या माणसाला चवीचे बारकावे नव्याने शिकावे लागतात. हे अशक्य नाही. आपल्याकडे कोल्हापूरच्या तालमींत आपला स्वयंपाक आपणच करणारे मल्ल असतात आणि त्यांच्यातल्या काहींच्या हातचा तांबडा रस्सा खाल्लेला माणूस ते विसरत नाही. पण तिथे मल्ल चुलीपाशी स्वतःसाठी बसतो. दुसऱ्याच्या ताटासाठी राबवायला त्याला कुणी तिथे नेमलेले नसते.

कागदाची बाजू

समजा, झोऊ यांनी मनाशी ठरवले असते की आपण आचारी व्हायचे. तरीही पुढचा रस्ता सरळ नव्हता. चीनमध्ये चिनी पद्धतीच्या स्वयंपाकासाठी सरकारमान्य व्यावसायिक पात्रतेच्या पाच श्रेणी आहेत. पाचवी श्रेणी नवशिक्यांची असते आणि पहिली ज्येष्ठ तंत्रज्ञांची. श्रेणी मिळवायची तर प्रात्यक्षिकाबरोबर लेखी परीक्षाही द्यावी लागते आणि तिच्यात पोषण, स्वच्छता, खर्चाचा हिशोब हे विषय येतात. रस्त्याकडेच्या खानावळीत याची फारशी मातब्बरी नसते, पण सरकारी संस्था, मोठी हॉटेले आणि शितांग इथे कायम नोकरी हवी असेल तर हा कागद लागतो. ज्या बाईला प्राथमिक तिसरीइतके वाचता येते तिने हा कागद कसा मिळवायचा? खासगी पाकशाळांचा पर्याय होता. आन्हुई प्रांतातल्या हफेई शहरात सुरू झालेली एक पाकशाळा पुढे जाहिरातींच्या जोरावर देशभर पसरली आणि तिचे नाव आज चीनमधल्या पोराटोराला ठाऊक आहे. पण या शाळांची शुल्के भरणारी मुले सोळा-अठरा वर्षांची असतात आणि त्यांच्यामागे पैसे घालणारे आईवडील असतात. तिशीकडे झुकलेल्या निवृत्त खेळाडूची गणना त्यांच्यात होत नाही.

अखेर झोऊ यांनी संघाशी असलेले नाते तोडले आणि एकरकमी ८०,००० युआनची भरपाई घेतली. ही रक्कम ऐकायला मोठी वाटते, पण घर, दवाखाना आणि निवृत्तिवेतन देणारी सरकारी जागा कायमची सोडण्याची ती किंमत होती. त्यानंतर त्यांनी पडेल ती मजुरी केली आणि काही काळ रस्त्यावर मेंढीच्या मांसाच्या शिगाही विकल्या. स्वयंपाकाच्या धंद्याच्या सर्वांत जवळ त्या बहुधा याच काळात पोहोचल्या असाव्यात. ईशान्येकडच्या शहरांत संध्याकाळी कोळशाच्या अरुंद शेगडीवर मांसाचे बारीक तुकडे ओवलेल्या शिगा उलटसुलट फिरवत, त्यांवर जिरे आणि तिखट शिंपडत उभे राहिलेले विक्रेते दिसतात. या धंद्याला भांडवल थोडे लागते आणि प्रमाणपत्र लागत नाही, म्हणून नोकरी गेलेली माणसे तिकडे वळत. त्याच कारणाने तिथे गर्दीही फार होती.

तिथून त्या स्नानगृहात आल्या. ईशान्य चीनमध्ये सार्वजनिक स्नानगृहात जाऊन खरबरीत कापडाच्या हातमोज्याने अंग घासून घेण्याची रीत सर्वसामान्य आहे आणि हे काम करणारी माणसे दर गिऱ्हाइकामागे ठरलेला वाटा घेतात. झोऊ यांच्या वाट्याला एका गिऱ्हाइकामागे दीड युआन येत असे. दमट, कोंदट खोलीत दिवसभर वाकून दुसऱ्याची पाठ घासायची म्हणजे खांदे आणि कंबर यांचेच काम. इथेही मागणी होती ती ताकदीलाच.

२००६ आणि नंतर

मार्च २००६ मध्ये त्यांची हकिगत छापून आली आणि देशभर खळबळ उडाली. चीनला अशा बातम्या नवीन नव्हत्या. १९९० च्या आशियाई खेळांतला सुवर्णपदकविजेता भारोत्तोलक त्साय ली हा निवृत्तीनंतर पहारेकऱ्याचे काम करत असे आणि मे २००३ मध्ये वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी फुप्फुसाच्या विकाराने गेला. औषधपाण्याचा खर्च त्याच्या कुटुंबाला झेपत नव्हता. झोऊ यांच्यानंतर बीजिंग मॅरेथॉनची १९९९ ची विजेती आय दोंगमेई हिने रस्त्यावर कपडे विकता विकता आपली पदके विकायला काढली. २०११ मध्ये जागतिक विद्यापीठ स्पर्धेतला सुवर्णपदकविजेता जिम्नॅस्ट झांग शांगवू बीजिंगच्या भुयारी रेल्वेच्या परिसरात कसरती करून पैसे मागताना दिसला. प्रत्येक वेळी गहजब झाला आणि प्रत्येक वेळी त्या एका माणसाची कशीबशी सोय लावली गेली.

धोरणातही बदल झाले, हे मान्य करायला हवे. २००२ पासून ठरावीक दर्जाच्या स्पर्धांत वरचे क्रमांक मिळवलेल्या खेळाडूंना प्रवेश परीक्षेविना विद्यापीठात जाण्याची सवलत मिळाली. २००३ मध्ये क्रीडा प्रशासन, अर्थ मंत्रालय आणि कर्मचारी मंत्रालय यांनी मिळून स्वतःची वाट स्वतः शोधणाऱ्या निवृत्त खेळाडूंसाठी भरपाईचे सूत्र ठरवले. त्यात मूळ रक्कम, खेळातल्या वर्षांनुसार रक्कम आणि कामगिरीचे बक्षीस असे तीन भाग होते. २००७ मध्ये खेळाडूंच्या करारबद्ध नेमणुकीचे नियम आले आणि २०१० मध्ये केंद्रीय शासनाने खेळाडूंचे शालेय शिक्षण व सामाजिक सुरक्षा यांवर स्वतंत्र मार्गदर्शक आदेश काढला. यांतला पहिला बदल झाला तेव्हा झोऊ यांना निवृत्त होऊन नऊ वर्षे उलटली होती. विद्यापीठाची सवलत त्यांना मागे जाऊन लागू केली असती तरी तिचा उपयोग काय, हाही प्रश्नच आहे. ज्याला वर्तमानपत्र धड वाचता येत नाही त्याच्या हाती विद्यापीठाचा प्रवेश देणे ही क्रूर थट्टा ठरली असती. भरपाईच्या सूत्रातली खोच याहून बारीक आहे. वर्षे मोजली जातात, पदके मोजली जातात, पण त्या वर्षांत जे शिकवायचे राहून गेले त्याची मोजदाद कुठल्याच रकान्यात होत नाही.

झोऊ यांच्यासाठी मार्ग निघाला तो क्रीडा खात्याकडून नव्हे. महिलांच्या राष्ट्रीय महासंघाने आणि त्याच्या प्रांतिक शाखेने पुढाकार घेतला आणि त्यांना चांगचुनमध्ये कपडे धुण्याचे दुकान काढून दिले. महासंघाने हाच व्यवसाय का निवडला याचा अंदाज बांधता येतो. यंत्रे असतात, काम ठरावीक पद्धतीचे असते, थोड्या अवधीत शिकता येते आणि वाचन-लेखन पावतीपुरते लागते. आचारी व्हायला लागणारी वर्षे आता त्यांच्यापाशी नव्हती.

मालिकेकडे पुन्हा

आता ‘क्युपिड्स किचन’कडे वळताना मालिकेला झोडपण्याचा हेतू नाही. प्रेमकथा ही प्रेमकथेसारखीच असणार. तिच्याकडून कामगार खात्याच्या अहवालाची अपेक्षा करणे वेडेपणाचे होईल. उलट एक गोष्ट तिने नेमकी पकडली आहे असे मला वाटते, आणि ती प्रेक्षकांच्या नजरेतून सहज निसटते. लिन केसोंगला आचारी करते ती तिची खेळातली चिकाटी नव्हे, आणि एकटी तिची जीभही नव्हे. कुणीतरी जाणता माणूस तिच्याकडे शिष्या म्हणून पाहतो, तिच्या चुका पुन्हा पुन्हा काढतो, तिला सुरी हातात देतो आणि चुलीपर्यंत नेतो. हे सारे मालिकेत प्रेमाच्या खाती जमा होते, पण प्रेम वजा केले तरी उरते ती उमेदवारीच.

फरक आहे तो सुरुवातीच्या टप्प्यात. पडद्यावरची माजी खेळाडू स्वयंपाकघरात येते ती तिथे तिला यायचे असते म्हणून. तिच्या हाताशी तारुण्य, शिक्षण आणि चुकण्याची ऐपत असते, चुकले तर परत फिरायला जागा असते. स्वयंपाकघर ही तिची निवड आहे, म्हणून तिथला ओरडासुद्धा शिक्षणाचा भाग वाटतो. झोऊ यांना मागे फिरायला जागा नव्हती, आणि म्हणूनच त्यांना कुणी पुढेही नेले नाही. ज्याला दुसरीकडे कुठे जाता येत नाही त्याला शिकवून मोठे करण्याची भटारखान्याला निकड नसते. भांडी घासायलाही माणूस लागतोच.

एक शक्यता मात्र मनात घोळत राहते, आणि ती कल्पित नसून व्यवस्थेच्या आवाक्यातली आहे. क्रीडासंघाचे भोजनालय हे साधे शितांग नसते. कोणत्या गटातल्या खेळाडूला किती प्रथिने द्यायची, स्पर्धेच्या आठवड्यात मीठ किती कमी करायचे, सरावानंतर किती वेळात ताट समोर यायला हवे, हे सारे तिथे पाळावे लागते. पुढच्या काळात तर या स्वयंपाकघरांचे महत्त्व इतके वाढले की डुकरांच्या खाद्यात घातले जाणारे क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेले द्रव्य मांसातून खेळाडूंच्या शरीरात जाऊ नये म्हणून २०१२ मध्ये चिनी क्रीडा प्रशासनाने खेळाडूंना बाहेरचे मांस खाण्यास मनाई केली आणि संघांना मांसाची खातरजमा करून घेण्याची पाळी आली. अशा भटारखान्यात वजन उतरवताना भुकेने कळवळलेली, गटाच्या मर्यादेचा अर्थ पोटात अनुभवलेली व्यक्ती कामाला असेल तर तिला तिथल्या कुणाही पाकशाळेच्या पदवीधराहून जास्त काही ठाऊक असते. मधल्या काळात एखाद्या मुख्य आचाऱ्याला ‘हिला तीन वर्षांत शिकवून तयार करा’ असे सांगणारा एक आदेश, संध्याकाळी अक्षरओळख करून देणारा एक शिक्षक आणि शेवटी पाचव्या श्रेणीची परीक्षा, एवढ्यावर हे काम भागले असते. यासाठी नवी संस्था नको होती आणि वेगळा पैसाही फारसा लागला नसता. झोऊ त्या स्वयंपाकघरात रोज येतच होत्या, त्यांचा पगार निघतच होता आणि कढया त्यांच्या समोरच उकळत होत्या.